हरकरे वकिलांच्या पुस्तकांचा विमा

"भाऊ, एक सांगा न. इकडं कोणी म्हातारा राहते काय, पुस्तकांचा विमा काढणारा?"

अमरावतीच्या राजकमल चौकातल्या गिल्या वड्याच्या गाडीवर हा प्रश्न आला, तेव्हा स्वरालीच्या तोंडात अख्खा वडा होता. म्हणून ती लगेच बोलली नाही. बोलली असती तर ही गोष्ट तिथंच संपली असती.

विचारणारा उंच, सावळा, खांद्याला काळी बॅग, हातात प्लेट. गाडीवाल्यानं झारा हवेतच थांबवला.

"पुस्तकांचा? काहून, पुस्तकं मरते काय?"

"तेच तं मी हापिसात इचारलं! म्हशीचा विमा पाहिला, कपाशीचा पाहिला. अन् आता पुस्तकांचा. अकोल्याहून सकाळची गाडी धरून आलो. असा कोण सनकी माणूस आहे, पाहूनच घेतो म्हटलं."

स्वरालीनं वडा गिळला. ओठाला लागलेलं दही शांतपणे पुसलं.

"नाव काय त्या सनकी माणसाचं?"

"रविकांत हरकरे. वकील होते म्हणते."

"मला माहीत आहे घर. असं करा, सरळ इर्विन चौक गाठा. तिथून पंचवटी. मग कुणालाही रुक्मिणीनगर विचारा."

"लय उपकार झाले मॅडम. नाई तं लोकं मुद्दाम लांबचा रस्ता सांगते."

स्वराली शाळेत भूगोल शिकवते. घर तिथून मागच्या बाजूला चार गल्ल्यांवर होतं, आणि पंचवटी नेमकी उलट्या दिशेला. ती रमतगमत घरी आली, केस विंचरले, पुस्तकांच्या खोलीतली धूळ झटकली. बेल वाजली तेव्हा तिनं स्वतः दार उघडलं.

"या. सनकी माणूस आत बसलाय."

त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा दारावरच्या पाटीकडं, आणि मग बराच वेळ स्वतःच्या बुटांकडं.

"मी… पंचवटीवरून आलो."

"हो ना. कसं आहे पंचवटी?"

"चांगलं आहे. दोनदा पाहिलं."

त्याचं नाव सहदेव वाकोडे. घर तेल्हाऱ्याचं, कपाशीच्या काळ्या रानातलं. नोकरी अकोल्यात, विमा कंपनीसाठी पाहणी करायची.

विमा ही कल्पना स्वरालीची. हरकरे वकिलांनी सगळा जन्म दोनच गोष्टी केल्या: वकिली आणि पुस्तकं जमवणं. पहिलीतून जे आलं ते दुसरीत गेलं. बांधीव जुनी मासिकं, पहिल्या आवृत्त्या, बंद पडलेल्या छापखान्यांची नाटकं, शिळाछापाच्या पोथ्या… एक अख्खी खोली छतापर्यंत. बायको गेल्यापासून वकिलांनी घराबाहेर एक रात्र काढली नव्हती. उदई पुस्तकं पोखरेल, चोर येईल, वायर जळेल. सख्ख्या भाचीच्या लग्नाला पातूरला गेले, ते मंगलाष्टकं चालू असतानाच उठून परतीच्या गाडीत बसले. सेमाडोहच्या जंगलात एक दिवस जाऊ म्हटलं, तर म्हणाले, "वाघ तिथंच राहील, पुस्तकं राहतीलच असं नाही."

आणि बाबा हलत नाहीत म्हणून स्वरालीही हलत नव्हती. नागपूरचं स्थळ आलं, पुण्याचं आलं. पुण्याच्या मुलानं खोली पाहून "रद्दीला बरा भाव आहे सध्या" असा विनोद केला, तेव्हा वकिलांनी त्याला पोहे संपवण्याआधीच रस्ता दाखवला. पण खरं कारण ते नव्हतं. बाबांना ह्या खोलीच्या पहाऱ्यावर एकटं ठेवून जायचं तरी कसं? तिचा हिशेब साधा होता. विमा झाला की बाबांचा जीव थोडा सैल होईल, आणि बाबांचा झाला की आपला.

पहिल्याच दिवशी दोन अडचणी आल्या.

पहिली: वकिलांनी अर्जात प्रत्येक पुस्तकाची छापील किंमत लिहिली होती. दीड रुपया. बारा आणे. "जे छापलं आहे तेच लिहिणार. जास्त लिहिलं तर खोटं निवेदन होतं."

सहदेवनं बेरीज पाहिली आणि घाम पुसला. "साहेब, ह्या बेरजेत तुमचं कपाटही येत नाई. एकेक पुस्तक काढून आजची किंमत लावा लागीन. लय शनिवार जाईन."

"जाऊ द्या," स्वराली म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

दुसरी अडचण चहाची. चहा आला, सहदेवनं हात जोडले. पाणी आलं, त्यानं बॅगेतून स्वतःची बाटली काढली.

"नियम आहे साहेब माह्या. ज्याच्या घरचं मोजाचं, त्याच्या घरचं काही घ्याचं नाई. पाणीबी नाई."

वकील सुन्न झाले. त्यांनी तरुणपणापासून समतेवर व्याख्यानं दिली होती. कुणाला पाणी नाकारणं हे किती मोठं पाप आहे, ते गावोगाव सांगितलं होतं. पण आपलंच पाणी कुणी नाकारलं तर काय करायचं, ह्याची तरतूद एकाही व्याख्यानात नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून विचारलं, "आपल्या घरच्या पाण्यात काही आहे का हो?"

शनिवार येत राहिले. थंडी पडली, संत्र्यांच्या गाड्या चौकाचौकांत लागल्या. सहदेव खिडकीशी बसे. स्वराली पुस्तक काढी, फडक्यानं पुसे, सांगे.

"हे कवितांचं. कवीनं स्वतःच्या खर्चानं छापलं, आणि एकही प्रत विकली गेली नाही."

"मंग महाग काहून?"

"म्हणूनच महाग. कुणाकडेच नाही."

"आमच्याकडं असं नसते. ज्या कपाशीले गिऱ्हाईक नाई, तिले कोणी दुर्मिळ म्हणत नाई."

ती हसे. तो खाली मान घालून लिही, पण पेन जरा उशिरा चाले. ती हल्ली जाड पुस्तकं आधी काढायला लागली होती. जाड पुस्तकाला वेळ लागतो. तोही पानं मोजताना चुकायला लागला होता, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला त्याची काहीच हरकत नसे.

"तुम्ही स्वतः वाचता काय हो काही?" तिनं एकदा विचारलं.

"आगीचे पंचनामे."

"कंटाळा नाही येत?"

"शेवट आधीच माहीत असते… पण सुरुवात लोकं लय सुंदर रचते."

मधल्या वेळी तो ओट्यावर जाऊन स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिई. मग तीही आपला कप घेऊन ओट्यावर जायला लागली. घरात चहा, ओट्यावर पाणी, आणि दोघांच्या मध्ये एक पायरी. शेजारच्या सुंदराबाई ह्या काळात तुळशीला दिवसातून बऱ्याचदा पाणी घालत.

मग डिसेंबरात एका शनिवारी अवकाळी पाऊस आला. वारा असा आडवा, की खिडकीच्या वरच्या झरोक्यातून सरळ मासिकांवर फवारा. वकील ओरडले, "अंक! माझे अंक!" आणि तिघंही धावले. सहदेव स्टुलावर चढला. वरून गठ्ठे देई, स्वराली खाली झेली. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला, तिच्या कपाळावर ओली बट… एका गठ्ठ्याच्या दोन बाजूंना दोघांचे हात आले. गठ्ठा जड होता, हे खरं. पण इतका वेळ धरून ठेवण्याइतका जड नव्हता.

"सोडा ना," ती हळूच म्हणाली.

"पडीन."

"काय?"

"…अंक."

सगळं कोरडं झाल्यावर वकील स्वतः स्वयंपाकघरात गेले. आलं ठेचल्याचा आवाज आला. त्यांनी कप आणून सहदेवच्या हातात दिला. सहदेवनं कपाकडं पाहिलं, वकिलांकडं पाहिलं, आणि सगळा चहा पिऊन टाकला. वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुंदराबाईंना ही बातमी पाऊस थांबायच्या आत कळली.

पुढच्या शनिवारी बेल वाजली. स्वरालीनं धावत जाऊन दार उघडलं. बाहेर एक चष्मेवाली तरुणी उभी होती.

"नमस्कार. मी आचल. विमा कंपनीकडून. उरलेली पाहणी मी करणार."

"आणि… वाकोडे?"

"सरांनी काम परत केलं." आचलला हसू आवरेना. "साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणे, मी त्या घरचा चहा पिलो. सगळं हापिस हसून राहिलं. सध्या त्यांना कापसाच्या जळालेल्या जिनिंग कारखान्यावर पाठवलंय, अकोल्याच्या एमआयडीसीत."

आचलनं चहा घेतला, पाणी घेतलं, दोन चकल्याही घेतल्या आणि दुपारपर्यंत एक अख्खं कपाट संपवलं. तिला पानं मोजता येत होती. ती गेल्यावर आठवडाभर स्वराली वेळ मिळेल तेव्हा खिडकीशी बसून राहिली. पुस्तक हातात, पण उलटं.

शेवटी एका सकाळी वकील समोर येऊन बसले. चष्मा पुसला. जन्मभर साक्षीदार तपासलेला माणूस.

"चहा प्यायल्यानं कुणी काम सोडतं का?"

"मला काय माहीत."

"त्याला विमेदाराशी काही संबंध जडला असेल, तर सोडावंच लागतं. हितसंबंध म्हणतात त्याला. विमेदार मी. माझ्याशी तर जडलेला दिसत नाही."

स्वराली गप्प.

"साक्षीदार गप्प आहे, ह्याची नोंद घेतली," वकील म्हणाले. "तुझा आहे का काही हितसंबंध?"

"…आहे."

"मग इथं काय करतेस? जा अकोल्याला!"

"आणि तुम्ही? एकटे?"

वकिलांनी खोलीकडं पाहिलं. विमा अजून व्हायचाच होता.

"मीही येतो. पण संध्याकाळच्या आत परत. अंधार पडायच्या आधी मला माझ्या खुर्चीत बसायचंय."

त्यांनी कुलूप लावलं. ओढून पाहिलं. कोपऱ्यापर्यंत गेले, परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. बडनेरा मागं पडेपर्यंत ते गाडीत मान वळवून मागंच बघत होते.

अकोल्याच्या त्या जिनिंगमध्ये जळक्या सरकीचा वास कोंदला होता. अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या गाठींचा ढीग, आणि त्यात गुडघाभर बुटांतला सहदेव. चेहऱ्यावर काजळी, केसांत कापूस. वकील फाटकापाशी पहारेकऱ्याजवळच थांबले. त्यांना अचानक कापसाच्या भावात फार रस निर्माण झाला होता.

"तुमी… इथं?"

"चहासाठी काम सोडलंत म्हणे."

"नियम आहे न माह्या."

"खरं सांगा."

त्यानं समोरच्या गाठीतला थोडा कापूस उगाच ओढला.

"माह्यं मोजमाप बिघडलं होतं."

"म्हणजे?"

"तुमी जे पुस्तक हातात घ्या, त्याची किंमत मी वाढवून लिहून राहिलो होतो. पहिले मलेबी समजलं नाई. मंग त्या पावसाच्या दिवशी… ते रेल्वेचं जुनं वेळापत्रक होतं न? तुमी ते ओढणीनं पुसलं अन् छातीशी धरून उभ्या राहिल्या. मी त्याच्यापुढं लिहिलं, 'अत्यंत दुर्मिळ'."

"ते बाबांनी टाकायला काढलं होतं!"

"तेच तं! घरी जाऊन वाचलं तवा घाम फुटला. असा अहवाल दिला असता, तं कंपनी बुडाली असती."

ती हसली. हसता हसता तिच्या पापणीवर कापसाचा एक तंतू येऊन बसला. त्याचा हात वर आला… आणि तिथंच थांबला.

"काळा आहे हात."

तिनं तो हात धरला. दोन्ही हातांनी. तिचे तळवेही काळे झाले.

"मग आता कसं आहे मोजमाप?"

"अजून बिघडलं."

"बरं झालं. दुरुस्त करू नका. माझंही काही ठीक नाही… आठवडाभर उलटी पुस्तकं वाचतेय."

"म्हणजे तुमी… माह्यासंगं…?"

"हो. आणि आता 'तुमी' पुरे."

त्यानं उत्तर म्हणून बूट इतका जोरात आपटला, की राखेचा एक ढग उठला आणि काही वेळ दोघंही दिसेनासे झाले. पहारेकऱ्याची नजर तिकडं जाऊ लागताच वकिलांनी त्याला सरकीचा भाव पुन्हा विचारला.

राख खाली बसल्यावर ते सावकाश जवळ आले. मुलीचे हात पाहिले, मुलाचे पाहिले. पुरावा भक्कम होता.

"सहदेव, तेल्हाऱ्याची गाडी कितीला आहे?"

"काहून काका?"

"काहून काय? मुलीचा बाप आहे मी. तुझ्या आईवडिलांकडं जायला नको?"

"पण आता गेलं तं परतीची गाडी नाई भेटत. मुक्काम करा लागीन."

ऊन कलायला लागलं होतं. अमरावतीला जायचं तर हीच वेळ होती. वकिलांनी घड्याळ पाहिलं. रस्त्याकडं पाहिलं.

"मग करू मुक्काम."

"बाबा… आणि पुस्तकं? विमा झाला नाही अजून!"

"अगं," वकील रिक्षाकडं चालू लागले, "वाचून झालीत ती सगळी."