गजूचा खोकला

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. पण ही हकिकत सांगताना शामलाने देवाची शपथ घेतली नव्हती. स्वतःच्या मुलाची घेतली होती. आणि तो मुलगा तेव्हा या जगात नव्हता.

रात्रीची गोष्ट नाही ही. जून १९५७. ग्वाल्हेर, माधवगंज. दुपारचे तीन.

आदल्या नोव्हेंबरात मध्यभारत राज्य मोडलं आणि राजधानी भोपाळला गेली. दफ्तरं उठली, त्यांच्यामागे कारकून उठले. शामलाचे यजमान लक्ष्मीकांत त्यांतलेच एक. तिकडे अजून घर मिळालं नव्हतं, एका खोलीत चौघे जण राहत होते. म्हणून शामला चौदा महिन्यांच्या मधूला घेऊन इथेच राहिली. घरमालकीण विजयाबाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर.

मधू गोड होता, पण कुडीत दम नव्हता. वर्षभरात तीनदा त्याची छाती भरली. शेवटी मुरार छावणीतल्या एका निवृत्त लष्करी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मुलाला तपासलं आणि भलतंच विचारलं.

"तुमच्या माहेरी मुलगे किती?"

शामलाने तोपर्यंत कधी मोजले नव्हते. तिचे दोन भाऊ. मावशीचा एक मुलगा. तिघांतल्या एकानेही दोन वर्षं पुरी केली नव्हती. तिघेही खोकत खोकत गेले. मुली मात्र सगळ्या ठणठणीत. घरात कोणी नजर म्हणायचं, कोणी कुलदेवीचा कोप.

डॉक्टर म्हणाले, "नजर-बिजर काही नाही. काही मुलांच्या अंगात रोगाशी लढायची ताकदच नसते, जन्मापासून. आईकडून येतं ते. आईला काही होत नाही."

औषध त्यांच्याकडे नव्हतं. एवढंच बजावलं, की ज्याला साधी सर्दी आहे त्यालाही उंबरा ओलांडू देऊ नका.

'आईला काही होत नाही.' हे वाक्य घेऊन ती टांग्यातून घरी आली.

तिने डॉक्टरांचं तंतोतंत पाळलं. येणारीला दारातूनच परत पाठवू लागली. बायका दुखावल्या, पोराचं सोवळं पाळते म्हणाल्या. तिने ऐकून घेतलं.

आणि मग फ्लूची साथ आली.

गल्लीत घराघरांतून खोकला. शाळांना सुट्टी, दुकानं अर्धी बंद. विजयाबाईंनाही कणकण आली. त्या फौजी घरातल्या, बोलायला फटकळ, पण जीव लावणाऱ्या. म्हणाल्या, "माझा बुखार वर नको चढायला, बाई." आपल्या खालच्या खोल्यांना कुलूप लावून त्या मुरारला लेकीकडे गेल्या. जिन्याच्या दाराला शामलाने आतून कडी घातली.

घरात उरली शामला आणि मधू. दूध-भाजीची टोपली ती दोरीने खिडकीतून खाली सोडायची.

तिसऱ्या दुपारी बाहेर लू चालली होती, अंग भाजून काढणारा वारा. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मधू झोपला होता.

आणि खालून...

एक लहान मूल खोकलं.

शामलाला वाटलं, विजयाबाई नातवाला घेऊन परत आल्या. तिने जिन्यावरून हाक मारली. खोकला थांबला. उत्तर नाही. ती दोन पायऱ्या उतरून वाकून बघते तर...

विजयाबाईंच्या दाराला कुलूप तसंच होतं. जिन्याच्या दाराला कडीही तशीच.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ. तोच खोकला. आता तो जिन्यावरून येत होता.

ओला, दमलेला खोकला. आणि उबळ संपली की शेवटी एक बारीक "हं..." कोणी हाक मारली तर ओ द्यावी तसा.



असा एकच मुलगा खोकायचा. तिचा धाकटा भाऊ, गजू.

ती नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळेतून सर्दी घेऊन आली होती. आईने बाळाजवळ जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं. तरी तिने लपूनछपून त्याला कडेवर घेतलं, त्याचे पापे घेतले. आठ दिवसांत गजू गेला. हे तिने वीस वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास जिन्याचं दार वाजलं.

"शामला, मी आहे."

लक्ष्मीकांत. रजा काढून, न कळवता भोपाळहून आले होते. सात महिन्यांत त्यांनी मुलाला दोनदाच पाहिलं होतं. ती धावत खाली गेली. कडीला हात घातला.

आणि अगदी मागे, तिच्या गुडघ्याशी...

खोकला. "हं..."

कोणीतरी तिचं लुगडं मुठीत धरून मागे ओढलं. तिने वळून पाहिलं. कोणी नव्हतं. लुगडं मात्र ताणलेलं होतं.

कडीवरचा हात तिने काढून घेतला.

"अहो, तुम्हांला सर्दी आहे का?"

ते हळूच म्हणाले, "गाडीत अंग तापलं होतं थोडं. विशेष काही नाही."

ती दाराला टेकून रडत राहिली. आत येऊ नका म्हणाली. ते रागावले नाहीत. दाराच्या पलीकडे पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "निदान खिडकीत धर त्याला. खालून बघतो."

खिडकी गुडघाभर उंचीवरून सुरू होत होती. तिने मधूला कठड्यापाशी उचलून धरलं. खाली भर लूमध्ये, डोक्याला पंचा गुंडाळून त्याचा बाप उभा होता. बराच वेळ उभा होता. मग लक्ष्मीकांत महाराज बाड्याच्या चौकाजवळ एका मित्राकडे उतरायला गेले. त्या रात्री त्यांना फणफणून ताप भरला आणि दहा दिवस ते अंथरुणात होते.

मधूला काही झालं नाही. खोकला पुन्हा ऐकू आला नाही.

पुढे भोपाळला घर मिळालं. आणि फेब्रुवारीत मधू गेला. साधी सर्दी. कुठून आली ते कळलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी सगळं संपलं.

दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी लक्ष्मीकांत म्हणाले, "एक गोष्ट मनात राहिली आहे. त्या दिवशी तू मला बाहेर ठेवलंस, ते मला पटलं. पण मग ते दुसरं मूल घरात कसं घेतलंस?"

"कुठलं मूल?"

"खिडकीत, तुझ्या शेजारी. तुझं लुगडं धरून उभं होतं. खोकत होतं की गं ते."

शामलाने एवढंच विचारलं,

"बरा दिसत होता का?"

लक्ष्मीकांतांना प्रश्न कळला नाही. तरी आठवून ते म्हणाले, "वाळलेला होता. मी हात केला, पण त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो सारखा मधूकडे बघत होता."

हे सगळं शामलाने पहिल्यांदा सांगितलं ते कैक वर्षांनी, भोपाळला झालेली तिची लेक लीला पहिलटकरीण होती तेव्हा. सांगायलाच हवं होतं, म्हणून सांगितलं.

गजू दार अडवायला आला होता, की मधूला बघून ठेवायला?

शामला ऐंशीच्या पुढे जगली. तिला ते कधी कळलं नाही. लीलाला मुलगा झाला त्या दिवशी मात्र ती दवाखान्यात गेली नाही. घरीच बसून राहिली... कान देऊन.