चार मिलिमीटर

चंद्रावरच्या वसाहतीतल्या प्रसूतिकक्षात श्रोणिमापक यंत्राने मृदुला हर्डीकरच्या कमरेची हाडं मोजली आणि निकाल दिला : वाट चार मिलिमीटर अरुंद. बाळाचं डोकं मावणार नाही. तासाभराने शस्त्रक्रिया, तीही यंत्रच करणार.

मृदुलाचे ओठ पांढरे पडले. इथल्या कमी गुरुत्वात पोट फाडलं की रक्त थांबत नसे. आधीच्या दोघी त्यातच गेल्या होत्या. अहवालानुसार दोन्ही शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या होत्या.

"मोजणं चुकलंय," प्रसाविका कुसुम गावित म्हणाल्या.

"ताई, यंत्र केसाइतकं अचूक आहे," डॉ. सबनीस म्हणाले.

"असेल. पण पोरीला मोजलंय कसं? उताणी, पट्ट्यांनी आवळून!"

"इथे माणूस नुसत्या शिंकेने खाटेवरून उडतो. बांधावंच लागतं."

"मग माकडहाड गादीत दाबलं गेलं, ते मागे सरकणार कुठून? श्रोणी म्हणजे काय लोखंडी कडं आहे? गरोदरपणात सांधे सैल होतात. बाईला ओणवी करा, माकडहाड मागे जातं, वाट सेंटिमीटरभर वाढते."

"यंत्राला हे शिकवलेलं नाही."

"यंत्राला कुठे बाळंत व्हायचंय?"

डॉक्टर येरझारा घालू लागले. चंद्रावर त्या उड्याच दिसतात. एवढ्यात गावितताईंनी पट्ट्या सोडल्याही. मृदुला हातापायांवर ओणवी झाली, किंचाळली, तिने डॉक्टरांना दोन शिव्या दिल्या आणि चाळीस मिनिटांत तिला मुलगी झाली.

भिंतीतून यंत्राचे हात बाहेर आले. "रुग्णाने उताणं झोपावं."

"अरे, झालं ना बाळ!" डॉक्टरांनी मुलगी कॅमेऱ्यापुढे धरली.

यंत्राने डोकं मोजलं. "वाटेपेक्षा चार मिलिमीटर मोठं. हे बाळ या रुग्णाचं असणं अशक्य आहे. तिचं बाळ अजून आत आहे." कक्षाचं दार बंद झालं. शस्त्रक्रिया होईपर्यंत ते उघडणार नव्हतं.

"बंद करा हो ते धूड!" गावितताई ओरडल्या.

"तो अधिकार पृथ्वीवरच्या कार्यालयाला आहे," डॉक्टर पुटपुटले. "सोमवारी उघडतं."

शनिवारची दुपार होती. मृदुलाची मान कलली. "ताई, जरा आडवी होऊ?"

"नको गं बाई," तिच्या पाठीला पाठ लावून बसत गावितताई म्हणाल्या. "उताणी दिसलीस की ते कापेल."