शाबूत चपलांची दुरुस्ती

साथ सरली आणि बुटांच्या कारखान्याचं फाटक उघडलं. गंज एवढा चढला होता, की त्या करकरीने गावभरची तान्ही मुलं जागी झाली म्हणतात! पण आत यायला माणसंच नव्हती. पूर्वी एका जागेसाठी रांग कोपऱ्यावरून वळायची; आता कुणी घरपोच सामान पोचवत होतं, कुणी भाजीची गाडी लावली होती, कुणी गावी गेलं ते तिकडेच रमलं होतं.

माणसं परत आणायचं काम जिच्या गळ्यात पडलं, तिला सगळे भरतीवालीच म्हणत. शिवणाऱ्या बायका तर बोलावण्याची वाटच बघत होत्या. अडलं होतं ते चामडं कापणाऱ्या कटरपाशी. कापल्याशिवाय त्या शिवणार काय? शनिवारपर्यंत कटर आला नाही तर शिलाई विभाग बंदच राहील, आणि मग तुमचीही गरज नाही, असं मॅनेजरने फार गोड आवाजात सांगितलं होतं.

त्याच दुपारी, भुरभुरत्या पावसात, तिच्या चपलेचा पट्टा तुटला. लंगडी घालत ती कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या टपरीत शिरली. आतल्या तरुणाने वर पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खूण नाही, मोजमाप नाही, रापीच्या एका फिरकीत त्याने नेमका पट्टा कापून काढला. भरतीवालीचा श्वासच अडकला. हात बघून हं — चेहरा तिने नंतर बघितला. विचारलं तर कळलं, साथीआधी तो त्याच कारखान्यात कटर होता.

परत येता का, असं तिने विचारलं. विचार करून उद्या सांगतो, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती दुसरी चप्पल घेऊन गेली. मग आईची. मग आईची लग्नकार्यातली. तो रोज विचारच करत होता, आणि एका पट्ट्याला तासभर लावत होता.

शुक्रवारी आईने दार अडवलं.

"मुलीसाठी बापाने जोडे झिजवायचे असतात गं. तू कशाला झिजवतेस?"

भरतीवालीने बाबांची सँडल ओढणीत दडवून पळ काढला.

त्याने सँडल उजेडात धरली. "हा पट्टा झिजलेला नाही, मॅडम. कात्रीने कापलाय. कालचाही तसाच."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कळत होतं, तर बोलला का नाहीत?"

"होकार दिला असता, तर तुम्ही पुन्हा आला नसता..."

छपरावरून पाणी ठिबकत राहिलं. मग तो हळूच बोलला. मागे कारखान्याने त्याला एका फोनवर घरी बसवलं होतं. "पुन्हा बंद पडलं तर?"

मागणी वाढतेय, बाजार सावरतोय — ही पोपटपंची तिला तोंडपाठ होती. ती तिने गिळली.

"पडूही शकेल," ती म्हणाली. "तुम्ही नाही आलात तर माझी नोकरी उद्याच जाईल. पण कारखाना बंद पडलाच, तर ही टपरी आहे ना? तुम्ही कापा... मी शिवेन."

त्याने असा सुस्कारा सोडला, की छपराची ताडपत्री फुगून पलीकडच्या दुकानाला लागली. निदान भरतीवाली तरी अजून तसंच सांगते.

"उद्या किती वाजता येऊ?"

"कारखान्यात आठला. पण आज संध्याकाळी घरी या. ही सँडल बाबांच्या हातात तुम्हीच द्या."

त्याने सुई उचलली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा टाका वाकडा गेला. तो उसवायला निघाला, तर भरतीवालीने त्याचा हात धरला.