नऊ दिवसांची माती

खाणीच्या काठावरच्या प्रयोगशाळेत डॉ. वैजयंती कुदळे सकाळी सात वाजता आली, तेव्हा पडद्यावर एकशेचाळीस एकर नाचणी आडवी झालेली दिसत होती. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काही फरक पडला नाही. मग तिने चहा ठेवला, कारण सात वाजता ती चहाच ठेवत असे.

आंबेखिंडीचा डोंगर सव्वीस वर्षं खडीसाठी फोडला गेला होता. वरची माती पहिल्याच वर्षी ओढ्यात लोटली, खालचा दगड शहराच्या रस्त्यांत गेला आणि मागे उघडाबोडका खड्डा उरला. शेतं गेलेली एकतीस कुटुंबं तालुक्याच्या कडेला खोल्या बांधून राहिली. आता खाणीत गेलेल्या जमिनी परत देणाऱ्या परती मंडळाने शब्द दिला होता. या जमिनीवर पेरलेलं पीक तीस दिवस उभं राहिलं, तर जमीन त्या कुटुंबांची. नाही राहिलं, तर खड्डा शहराच्या कचऱ्याला. संधी एकच होती. त्या एकतिसांत वैजयंतीची आई शेवंताबाईही होती.

मंडळाच्या पहिल्या बैठकीत सगळा प्रकार अल्ताफने समजावून सांगितला होता. डॉ. अल्ताफ मुजावर तिचा सहकारी, जीवाणूंचा जाणकार आणि घरी दही स्वतः लावणारा माणूस.

"बोटभर माती व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात," तो म्हणाला होता. "आम्ही चौदा महिन्यांत करतो. दळलेला दगड आणि कुजवलेला पाचोळा हे आमचं दूध. त्याला शेवटी, पेरणीच्या पाण्याबरोबर, याच दगडावर वाढलेल्या जिवंत मातीचं मृदाविरजण लावायचं. त्यातले जीवाणू वाढतात आणि सगळा खड्डा आपल्या वळणावर नेतात."

विरजण आवडलं नाही तर, असं एका सदस्याने विचारलं.

"तर काही करता येत नाही. लागलेल्या दह्याला दुसरं विरजण लावून उपयोग काय?"

विरजणासाठी शेजारच्या पठारावरची माती घेऊ, असं अल्ताफचं म्हणणं होतं. वैजयंती हट्टाला पेटली. तिच्या आईकडे त्यांच्या स्वतःच्या शेतातली माती होती, खाण सुरू होण्याआधीची, पत्र्याच्या डब्यात. तपासणीत ती ठणठणीत निघाली. जीवाणू इतके चपळ, की अल्ताफनेही पठाराचं नाव सोडलं. फक्त एक रकाना भरायचा राहिला होता, साठवणीचा इतिहास. आई फोनवर म्हणाली, देवघरातली आहे, जिवापाड जपलीय. ती आणखी काही सांगू पाहत होती, पण देवाधर्माचा विषय निघाला की फोन आवरता घ्यायची वैजयंतीची जुनी सवय. तिने लिहून टाकलं: बंद डबा, सव्वीस वर्षं, न हाताळलेली.

नाचणी दुसऱ्याच दिवशी उगवली. आठव्या दिवशी वीतभर झाली. रंग मात्र पिवळट, भर उन्हातही पिवळट. पण लोक बांधावर उभे राहून डोळे पुसत होते, आणि अशा वेळी खोड काढायला कोण जाणार?

आता अल्ताफ खड्ड्यातून नमुने घेऊन वर आला. त्याने चहाला हात लावला नाही.

"माती आजारी नाही," तो म्हणाला. "जीवाणू झोपलेत. ओल आणि अन्न कोंडून घेऊन, कवच घालून. सगळे एकाच पहाटे. दोनदा पाणी सोडलं, ढिम्म हलत नाहीत. वैजू, आज दहावा दिवस. या मातीचं पूर्वी दहाव्या दिवशी काय व्हायचं?"

दहाच्या सुमाराला पीक बघायला एकतीस कुटुंबांतली माणसं दोन जीपगाड्या भरून आली, आईही त्यांत होती. वैजयंतीने आईला बाजूला घेतलं आणि डब्याबद्दल विचारलं. या वेळी तिने आईला मध्ये तोडलं नाही.

"घट बसवायला शेतातलीच माती लागते," आई म्हणाली. "शेत गेल्यावर आणायची कुठनं? मग तीच ठेवली. नऊ दिवस पाणी घालायचं, दसऱ्याला धान उपटायचं, माती गच्चीवर वाळवून डब्यात भरायची. पुढच्या नवरात्राला पुन्हा तीच. सव्वीस वर्षांत एकदाबी खाडा न्हाई."

वैजयंतीने हिशेब मांडला, तो फार सोपा होता. देवघराच्या अंधारात नऊ दिवस ओल, मग वर्षभर कोरडं. दहाव्या दिवशी जे जीवाणू झोपले ते डब्यात तगले. जे जागे राहिले ते मेले. सव्वीस चाळण्यांतून उरलेल्यांनी आता सगळा खड्डा आपल्या वळणावर नेला होता. माती चुकली नव्हती. तिला जे शिकवलं होतं, तेच तिने एकशेचाळीस एकरांवर केलं होतं.

तिला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटत नव्हतं.

"माझं काय चुकलं का गं?" आईने विचारलं.

"नाही. मी विचारलं नव्हतं."

तिने अहवाल उघडला. पीक किती दिवस उभं राहिलं, या रकान्यात 'नऊ' लिहिलं. मग मागे जाऊन 'न हाताळलेली' खोडलं आणि लिहिलं: दरवर्षी हाताळलेली. अहवाल मंडळाकडे गेला. पोच लगेच आली, कचऱ्याच्या गाड्या कधी सुरू होणार त्या तारखेसकट.

ती बाहेर आली तेव्हा आई खड्ड्यात उतरली होती. दहावा दिवस म्हणजे घट उठवायचा, एवढंच तिला कळलं होतं. ती मुठीमुठीने धान उपटून वाटत होती. म्हातारे टोप्यांत तुरे खोवत होते, बायका केसांत माळत होत्या. तारखेबद्दल त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं. ते काम वैजयंतीचं होतं.

आई जवळ आली. वैजयंतीने मान खाली केली, आणि आईने चार पिवळी पाती तिच्या केसांत खोवली.

"पुढल्या वर्षी पण उगवंल ना गं?"

"उगवेल," वैजयंती म्हणाली. ते खरं होतं. वर कोणी काहीही टाकलं, तरी खाली ही माती दिवस मोजत पडून राहणार होती.