बंड्याचं कुंपण

पौष अमावस्येच्या आधीच्या बुधवारी बाजारकुणंगचा नागराज रामनगरला आला, तो तारेची जाळी न्यायला. सिमेंटचे खांब, बांधायची तार आणि जाळीचं मोठं गुंडाळं टेम्पोत चढवलं आणि चहासुद्धा न घेता परत फिरला.

"चहा नको म्हणाला तवाच वळखलं, गडी तापलाय," चंद्राकाका म्हणाले. टेम्पो त्यांचाच. आता रामनगरात लाईट गेली होती, ट्रकाचं पंक्चर निघायचं होतं, आणि महेश आणि प्रशांत, दोघे तरणे ड्रायव्हर, ढाब्याच्या बाकावर त्यांच्यासमोर बसले होते.

"कुत्र्यासाठी एवढं सामान?" प्रशांत हसला.

"हेच! हेच समदं गाव म्हणालं. म्हणून तर सांगतो."

नागराजच्या घरामागे काजूची बाग, बागेला लागून रान. रानातून बिबट्या उतरतो तो कुत्र्यासाठी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी रात्री कुत्रं मोकळं सोडायचं, राखणीला म्हणून. सकाळी नसलं की म्हणायचं, गेलं, दुसरं आणू. कुत्र्यानं घर राखायचं. कुत्र्याला कुणी राखायचं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही. नागराजच्या आला, कारण मागल्या वर्षी त्याची कुत्री गेली, आणि तीही कुंपण असताना.

कुंपणाच्या एका कोपऱ्यात माणूसभर फट होती. मुद्दाम ठेवलेली. तिथून राखणदाराची वाट जाते, असं गाव मानतं. राखणदार म्हणजे रात्री गावाच्या शिवेवर फिरणारा देव. हातात काठी, पायात वहाणा. त्याची वाट अडवायची नाही. नागराजनं अडवली नव्हती. त्याच फटीतून बिबट्या आत आला.

मागे राहिलं तिचं पिल्लू, बंड्या. "याला काही होऊ देणार नाही," असा शब्द नागराजनं आपल्या लेकीला, मयूरीला, दिला होता. म्हणून या वेळी त्यानं काही बाकी ठेवलं नाही. जाळी पुरुषभर उंच, वरचा भाग बाहेर वाकवलेला, बुड हातभर मातीत पुरून वर दगड. आणि कोपरा बंद.

शेजारचा परशूमामा बघायला आला. "नागराज, ती वाट हाय."

"व्हय. बिबट्याची बी."

"देवाला अडिवतोस?"

"तुमच्या देवानं कुत्री राखली न्हाई, मामा. आता मी राखतो."

"माजलास."

"माजलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा उघडा. तार कापलेली नव्हती, उलगडलेली होती. जाळी चटईसारखी गुंडाळून खांबाला टेकवलेली. नागराजनं पकडीनं तार पुन्हा आवळली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बंड्या घरात कोंडलेला होता म्हणून वाचला. पण रात्रभर दार ओरबाडून रडायचा. नागराज तार पिळता पिळता शिव्या देत होता. कुंपण घातलं बिबट्यासाठी आणि झुंजायचं माणसांशी! हे काम परशूमामाचंच, याबद्दल त्याला शंका नव्हती.

अमावस्येला, रविवारी रात्री, जेवणं झाल्यावर त्यानं मामाला हाताला धरून आपल्या पडवीत आणून बसवलं.

"आज हितंच बसायचं. माझ्या डोळ्यांम्होरं."

"बसतो की. इडी दे वडायला."

"देतो. पण जागचं हलायचं न्हाई."

"आणि मुतायला?"

"मी संगट येतो."

महेश खो खो हसला. चंद्राकाका हसले नाहीत.

मध्यरात्र उलटली. काजूच्या पानांवरून दव टपटपत होतं. बंड्याची साखळी नागराजनं मनगटाला गुंडाळली होती. मामा पेंगत होता.

मग रातकिडे गप्प झाले.

वहाण वाजली. करकर...

थांबली.

पुन्हा. करकर... आणि काठी. टक्.

कुंपणाबाहेर. सावकाश. कोपऱ्याकडे.

नागराजनं शेजारी पाहिलं. मामा तिथंच होता. टक्क जागा. हातातली विडी विझलेली.

कोपऱ्यात तार कुरकुरली. कुणीतरी पीळ सोडवत होतं...

नागराजनं बॅटरी मारली. खांब. जाळी. माणूस नाही. जाळी आपली आपण गुंडाळत होती.

बंड्या भुंकला नाही. उठला. शेपूट हलवत निघाला. साखळी ताणली.

"धर," मामा कुजबुजला. "नागराज... धर त्याला!"

"तुमचीच वाट ना, मामा?"

"गप... धर!"

रानातून खरखर आली. लाकडावर करवत ओढावी तशी. फटीच्या पलीकडे दोन डोळे. हिरवे.

नागराजनं बंड्याला छातीशी आवळलं. वर्षभर साठलेलं सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं. "वाट पायजे तर घे! पर माझं कुत्रं न्हाई मिळायचं! राखणदार म्हणवतोस न्हवं? मग राख की!"

...

काठी आपटली. एकदाच.

डोळे विझले.

मग काही नाही. उजाडेपर्यंत काहीच नाही...

"मग?" प्रशांतनं विचारलं.

"मग सकाळी मला फोन. काका, ताबडतोब या. गेलो. कोपरा बंद. तारेचा पीळ असा, की पकडीनं सुटंना. पर कुंपण जागेवर न्हवतं. कोपऱ्याचे खांब दोन हात आत सरकलेले. वाट भाईर मोकळी, आत बोटभर फट न्हाई. दोन हात मागं सरायचं, एवढी साधी गोष्ट! समद्या गावाला भांडताना सुचली न्हाई. मामा आपला एकच घोकतोय, मी हाललो न्हाई, मी हाललो न्हाई."

"बंड्या?"

"हाय. रोज कुंपणात झोपतो, बिनघोर."

"रात्रीतनं कुणी तरी खांब उपटून रोवले असतील, काका," महेश म्हणाला. पण हळू.

"मला बी तसंच वाटलं. जुन्या जागी खड्डा शोधला. न्हाई. मग नव्या जागी वाकून बघितलं." चंद्राकाका बसल्या जागी पुढं वाकले. "खांब बुधवारी माझ्याच टेम्पोतनं गेलेला. बुडाशी उकरलेली माती न्हवती. गवत होतं... पावसाळ्यात उगवलेलं, वाळून पिवळं पडलेलं. मुळं मातीत घट्ट. खांबाला चारी बाजूंनी बिलगून."