दुसऱ्यांदा आलेला ताप

रेवा आणि तिचा दादा केयूर एकाच आठवड्यात तळेतापानं आजारी पडले. रेवाला तो ताप पहिल्यांदाच आला होता. पाचव्या दिवशी ती उठून बसली. केयूरला तो गेल्या वर्षीही येऊन गेला होता. "त्याला आता धोका नाही," असं सगळेच म्हणत होते. सहाव्या दिवशी केयूर गेला.

ही २०५८ सालची गोष्ट. त्यांचे आजोबा, डॉ. रहांगडाले, गोंदियाजवळच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं या डासांमुळे पसरणाऱ्या तापावर लस तयार करत होते. केयूर गेल्यावर महिन्याभरानं, एका सोमवारी ती मुलांना टोचायला सुरुवात होणार होती. दोनच दिवस आधी, शनिवारी आजोबांनी स्वतःच ती थांबवली. चिडलेले गावकरी प्रयोगशाळेच्या फाटकाशी जमले.

रेवा तडक आत गेली. "आजोबा, लस तयार आहे, मग देत का नाही? आणि दादाच का गेला? मी का नाही?"

"दोन्हींचं उत्तर एकच आहे, बाळा," आजोबा म्हणाले. "यंदाचा विषाणू (पेशीत शिरून वाढणारा अतिसूक्ष्म रोगकारक) वेगळ्या प्रकारचा आहे. केयूरच्या रक्तात गेल्या वर्षीचे प्रतिपिंड (विषाणूला पकडणारी प्रथिनं) होते, तुझ्या रक्तात नव्हते. त्यांनी या नव्या विषाणूला धरलं, पण अर्धवट. प्रतिपिंड चिकटलेला विषाणू भक्षक पेशी (जंतू गिळणाऱ्या पेशी) लगेच गिळतात. त्यांनी हाही गिळला. पण तो मेला नाही. त्यांच्याच आत वाढत गेला."

"म्हणजे जे त्याला वाचवणार होतं, त्यानंच..."

"हो. आणि माझ्या लशीतूनही फक्त जुन्या प्रकारचेच प्रतिपिंड तयार होतात. सोमवारी ती टोचली असती, तर गावातली सगळी पोरं..." आजोबांना रडू फुटलं. त्यांना रडताना रेवानं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं विचारलं, "मग आता?"

"दोन्ही प्रकारांना घट्ट पकडणारे प्रतिपिंड तयार करणारी लस हवी. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाच-सहा वर्षं तरी लागतील. आणि ताप दर पावसाळ्यात येणारच."

"माझ्या रक्तात नव्या विषाणूला घट्ट पकडणारे प्रतिपिंड असतील ना?"

"असतील."

रेवानं बाही वर केली. "मग घ्या."

दोनदा आजोबांनी सुई खाली ठेवली. रक्त काढून झाल्यावर त्यांनी नळीवर लिहिलं, 'दुहेरी लस, नमुना पहिला'. मग लस का मिळणार नाही हे सांगायला ते फाटकाकडे निघाले. रेवाही सोबत गेली. दादाबद्दल लोकांना तिलाच सांगायचं होतं.