नरकवाला, प्रेमवाला, गोष्टवाला

आगरदांड्याच्या जेट्टीवर गाडी रांगेत लावली तेव्हाही आमचा वाद चालूच होता. मी आणि माझा नवरा निकेत, दोघंही मुंबईत इटालियन शिकवतो आणि त्या भाषेतून मराठीत अनुवाद करतो. मध्ययुगातल्या तीन थोर इटालियन लेखकांचे निवडक उतारे पुस्तकासाठी तयार होते. प्रस्तावना तेवढी अडली होती, कारण पहिला मान कुणाचा यावर आमचं जमत नव्हतं. दिवेआगरला मैत्रिणीच्या घरी बसून ती एकदाची संपवायची, म्हणून निघालो होतो.

माहीमच्या आमच्या घरात आम्ही त्या तिघांची नावं घेत नाही. एक नरकवाला, नरकात फिरून मेलेल्यांशी बोलणारा; एक प्रेमवाला, प्रेमकवितांचा; एक गोष्टवाला.

गाडी फेरीबोटीत चढवून आम्ही वरच्या डेकवर बसलो. ऑक्टोबरचं ऊन, डिझेलचा वास. माझा कुर्ता पाठीला चिकटला होता.

"प्रेमवाल्यानं भाषा घासूनपुसून लख्ख केली, मान्य," निकेत म्हणाला. "पण जन्मभर एकाच बाईभोवती फिरला. नरकवाल्याकडं अख्खं गाव आहे. त्याची मेलेली माणसं तुझ्या गोष्टवाल्याच्या जिवंत माणसांपेक्षा जास्त जिवंत आहेत."

"तुझा नरकवाला न्यायाधीश आहे. ज्याच्याशी वैर, त्याला आगीत टाकून मोकळा. गोष्टवाल्यानं प्लेगच्या साथीत माणसं पटापट मरताना पाहिली, तरी उरलेल्यांना हसवलं. मोठेपण त्यात आहे."

"हसवणं सोपं असतं गं, राही. मेलेल्याचं ऐकून घ्यायला छाती लागते."

समोरच्या बाकावरची एक बाई कान देऊन ऐकत होती. पन्नाशीची, हिरवं लुगडं, मांडीवर मासळीची रिकामी पाटी. ती पुढे वाकली.

"त्ये मेलेलं काय इचारतात?"

निकेत हसला. "घरची खबर विचारतात, मावशी."

"व्हय. दुसरं काय इचारनार." तिनं पाटी बाजूला ठेवली. "मंग माज्या घरची सांगा ना. रेवदंड्याची. सोनलला पोर झालं का?"

तिची काहीतरी गल्लत झालीय, असं वाटून मी बोलणार, तेवढ्यात निकेत म्हणाला, "मुलगी झाली. तुमच्या वळणावर गेलीय."

निकेत नागपूरचा. रेवदंड्यात त्यानं कधी पाऊल ठेवलेलं नाही. थट्टा बरी नव्हे, म्हणून मी त्याला कोपरानं ढोसलं. त्याचं लक्षच नव्हतं.

मागून एक म्हातारा आला. "माजी होडी?"

"इकली, सदादादा. रितेशनं टेम्पो घेतलाय. आता तो दर्यावर जात न्हाय."

ही बोली निकेतची नव्हती. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी असा एक शब्द ऐकला नव्हता.

माणसं जमत गेली. कुणी ढकलाढकली केली नाही. बोटीच्या कठड्याशी उभी असूनही समुद्राकडं कुणी पाहत नव्हतं, सगळे निकेतच्या ओठांकडं पाहत होते. एक तरुण बाई बराच वेळ मागे थांबून मग पुढे आली.

"त्यांनी दुसरी केली का?"

निकेतनं मान खाली घातली. "केली, काशी. पन तुजा फोटू भिंतीवरच हाय. रोज हार बदलतात."

तिनं पदरानं डोळे पुसले. तेव्हा मला दिसलं, इतक्या उन्हात त्यांच्यातल्या एकाच्याही कपाळावर घाम नव्हता.

"निकेत, खाली चल." मी त्याचा हात धरला. तळवा कोरडा आणि गार होता.

"थांब," तो म्हणाला. "अजून बरेच जण राहिलेत."

भोंगा वाजला. पलीकडची दिघीची जेट्टी जवळ आली होती. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन क्षणभर तिकडं पाहिलं आणि मान वळवली.

निकेत सोडला तर सगळे बाक रिकामे होते. खाली जायला एकच जिना, आणि त्याच्या तोंडाशी मीच उभी होते.

गाडी मी चालवायला घेतली. निकेत काचेतून पिकलेल्या भातशेतांकडं पाहत बसला.

"बरं, तू जिंकलास," मी म्हणाले. "पहिला नरकवाला. तसंच लिहू."

तो काचेवर बोटानं रेघा मारत राहिला.

"अरे, भांड तरी माझ्याशी."

त्यानं घसा साफ केला. अनोळखी बाईशी बोलावं तसा, अदबीनं बोलला.

"ताई, तुम्ही मुंबईच्या ना?"

माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली.

"माहीमला आमचं घर आहे," तो म्हणाला. "राही माझी बायको. ती आता एकटीच राहते का तिथं?"